‘कुत्रा चावला’ असं शोधलं तर सापडलं पाहिजे

जिल्ह्याचं आरोग्य संकेतस्थळ नव्यानं करायला घेतलेले अधिकारी, ते बांधून देणारी कंपनी आणि त्यावर मजकूर चढवणारे कर्मचारी, या सगळ्यांना,

सप्रेम नमस्कार.

मी एका तालुक्याच्या गावी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत दोन संगणक, एक प्रिंटर, एक झेरॉक्स मशीन आणि बोटाचा ठसा घेणारं यंत्र, एवढाच पसारा. लोक येतात ते सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, रेशनकार्डातलं नाव यांसाठी. पण बारा वर्षांत दवाखान्याच्या कामांची रांग वाढतच गेली. कोणाला आयुष्मान कार्ड काढायचं असतं, कोणाला दिव्यांग प्रमाणपत्राचा अर्ज भरायचा असतो, आणि कोणाला एवढंच विचारायचं असतं की सुनेला सातवा महिना लागलाय, सरकारी दवाखान्यात सोनोग्राफी कुठल्या वारी असते. मग मी आरोग्य खात्याचं संकेतस्थळ उघडते आणि माझ्यासमोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत बसतो.

संकेतस्थळ नव्यानं करायचं ठरलंय असं कळलं, म्हणून हे पत्र. जिल्ह्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही. आजूबाजूच्या जिल्ह्यांत केंद्र चालवणाऱ्यांशी माझं बोलणं होतं, आणि त्यांच्या खिडकीतूनही हेच दिसतं.

पहिली गोष्ट आधीच सांगते, कारण तिच्यामुळे तुमचे अंदाज चुकू शकतात. महिन्याला किती लोक संकेतस्थळ बघतात याचा आकडा तुमच्याकडे असणार. त्यात माझ्यासारख्यांच्या भेटी किती, ते एकदा तपासा. मला तुमच्या पानांची सवय आहे. कुठलं बटण चालत नाही, कुठल्या नावाखाली काय दडलंय, हे मला पाठ झालंय. ज्याच्यासाठी ते पान आहे तो माणूस आकड्यात नाही, तो माझ्यासमोर खुर्चीवर बसलेला आहे. त्याला जमलं नाही म्हणूनच तो माझ्याकडे आलाय.

आता एका रविवारची हकीकत. जानेवारी महिना, ऊसतोडीचा हंगाम भरात. संध्याकाळी मी शटर अर्धं खाली ओढलं होतं, तेवढ्यात टोळीचा मुकादम एका माणसाला घेऊन आला. त्या माणसाच्या कडेवर सहा-सात वर्षांचा मुलगा. मुलाच्या हाताला फडकं गुंडाळलेलं. "ताई, पोराला कुत्रं चावलंय. इंजेक्शन कुठं मिळंल?" बाप दुसऱ्या जिल्ह्यातला, कारखान्याजवळच्या कोप्यांवर उतरलेला. त्याला इथलं प्राथमिक आरोग्य केंद्र कुठे आहे हेही माहीत नव्हतं. फडकं सोडून पाहिलं तर जखमेवर हळद आणि तिखट भरलेलं.

मी संगणक चालू केला. एका सरकारी आरोग्य संकेतस्थळावर शोधायच्या चौकटीत ‘कुत्रा चावला’ असं लिहिलं. काहीच आलं नाही. ‘रेबीज’ लिहिलं तर एका जनजागृती फेरीचे फोटो आले. मग आठवलं की सरकारी भाषेत याला ‘श्वानदंश’ म्हणतात. तो शब्द टाकल्यावर एक पीडीएफ उघडली. तिरकं स्कॅन केलेलं मासिक अहवालाचं कोरं प्रपत्र होतं ते. ‘संपर्क’ या पानावरच्या नंबरावर फोन लावला, बराच वेळ वाजला, कोणी उचलला नाही. असं करत वीस मिनिटं गेली. शेवटी मी ओळखीच्या आशाताईंना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न होता, "हात धुतला का?"

हात कोणीच धुतला नव्हता. मी पदवीधर आहे, दिवसभर संगणकावर असते, आणि मलाही ते ठाऊक नव्हतं. आशाताई म्हणाल्या, साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धरा, घड्याळ लावून. हळद-तिखट सगळं धुऊन काढा. रक्त आलंय का? मग लसीबरोबर जखमेत द्यायचं दुसरं इंजेक्शनही लागेल, ते ग्रामीण रुग्णालयात विचारा. रविवार असला तरी तातडीच्या विभागात जा, उद्यावर टाकू नका. आम्ही मागच्या टाकीच्या नळाखाली त्या पोराचा हात धरला. तो रडत होता, बाप त्याला समजावत होता, आणि माझ्या डोक्यात एकच चाललं होतं: ज्या वीस मिनिटांत मी माउस फिरवत होते, त्यात हे धुणं होऊन गेलं असतं.

मुलगा बरा आहे. पुढचे डोस टोळी दुसऱ्या तालुक्यात गेल्यावर तिथे घेतले, असं मुकादमानं फोनवर कळवलं. पण रेबीजची लक्षणं एकदा दिसायला लागली की माणूस वाचणं जवळपास अशक्य असतं, आणि वेळेवर धुतलं आणि लस घेतली तर रेबीज टळतो. इतक्या साध्या आणि इतक्या मोलाच्या माहितीचं एक पान त्या संकेतस्थळावर नव्हतं. माहिती खात्याकडे नव्हती असंही नाही. ती आशाताईंच्या तोंडावर होती, कारण त्यांना तिचं प्रशिक्षण खात्यानंच दिलेलं आहे.

म्हणून मला जे सांगायचंय ते या एका पानावरूनच सांगते. ‘कुत्रा चावला’ या नावाचं पान करा. त्यावर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात, आधी काय करायचं ते: साबण, वाहतं पाणी, पंधरा मिनिटं. हळद, चुना, तिखट, तेल काही लावू नका. त्याखाली, लस आज कुठे मिळेल: जवळच्या केंद्राचं नाव, पत्ता, रविवारी आणि रात्री उघडं असतं का, आणि बोट लावलं की लागणारा फोन नंबर. मग डोसांचे दिवस. इथे एक बारीक गोष्ट आहे. सरकारी दवाखान्यात साधारण शून्य, तीन, सात आणि अठ्ठावीस अशा दिवसांनी लस देतात. ‘शून्य दिवस’ म्हणजे काय हे लोकांना कळत नाही आणि मोजणी चुकते. पहिला डोस रविवारी झाला तर दुसरा बुधवारी, तिसरा पुढच्या रविवारी आणि शेवटचा पहिल्यापासून चार आठवड्यांनी येणाऱ्या रविवारी. पानावर पहिल्या डोसाची तारीख टाकली की पुढच्या तारखा वारासकट दिसाव्यात, आणि त्या व्हॉट्सॲपवर पाठवता याव्यात. एवढं एक पान नीट झालं, तर बाकीची कशी करायची हे तुमचं तुम्हालाच सुचत जाईल.

शब्दांचं थोडं जास्त बोलते, कारण माझ्या मते निम्मी अडचण तिथे आहे. सर्पदंश, विंचूदंश, अतिसार, प्रसूतिपूर्व तपासणी, मूत्रमार्गाचा संसर्ग हे शब्द चुकीचे नाहीत. अहवालात ते शोभतात. पण माझ्या खिडकीशी येणारी बाई ‘लघवीला आग होते’ म्हणते, नाहीतर ‘उन्हाळी लागली’ म्हणते. जुलाब, हगवण, थंडी-ताप, धाप लागणं, छातीत कळ, घेरी येणं, अंगावरून पांढरं जाणं, हे आमचे शब्द आहेत. खातं ‘हिवताप’ लिहितं, लोक ‘मलेरिया’ म्हणतात. खातं ‘क्षयरोग’ लिहितं, लोक ‘टीबी’. ‘डेंगी’ आणि ‘डेंग्यू’ दोन्ही चालतात. यातला एक शब्द बरोबर ठरवून दुसऱ्याला हाकलू नका. पानाच्या नावात लोकांचा शब्द ठेवा, खाली शास्त्रीय शब्द द्या, आणि शोधायच्या चौकटीला सगळे शब्द शिकवा. इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिणारे कितीतरी असतात, त्यांचंही तिला कळू द्या. शिवाय आता बरेच जण लिहीतच नाहीत, मोबाईलला तोंडानं विचारतात. विचारताना कोणी ‘श्वानदंश प्रतिबंधक लस उपलब्धता’ असं विचारत नाही.

लसीकरणाचंही तसंच. तक्त्यात सहा, दहा आणि चौदा आठवडे असं छापलेलं असतं. आई म्हणते दीड महिन्याचा डोस, अडीच महिन्याचा, साडेतीन महिन्याचा. अंगणवाडीत लस टोचणाऱ्या नर्सताईही हेच म्हणतात. मग संकेतस्थळानं आठवडे का मोजावेत? नऊ महिन्यांचा गोवराचा डोस चुकला तर आता काय करायचं, हा प्रश्न मला दर हंगामात ऊसतोडीच्या टोळ्यांमधल्या बायका विचारतात. गाव सुटलं, लसीचं कार्ड घरी राहिलं, इथे कोणाकडे जायचं? कुठल्या गावात कुठल्या वारी लसीकरण असतं, हे आरोग्य केंद्राच्या फळ्यावर लिहिलेलं असतं. तेच संकेतस्थळावर गावाच्या नावासमोर का नसावं?

ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेनं, म्हणजे एनएचएसनं, आपल्या संकेतस्थळावर लिहिणाऱ्यांसाठी नियम करून ठेवले आहेत. त्यात लघवी आणि शौच यांसाठी वैद्यकीय शब्दांऐवजी पोराबाळांच्या तोंडचे, घरगुती इंग्रजी शब्द वापरायला सांगितलंय. ज्यांना वाचायला जड जातं त्यांनाही ते कळतात, हे त्याचं कारण. इतक्या मोठ्या देशाच्या आरोग्य सेवेला त्यात कमीपणा वाटला नाही. आजारांची पानं तिथे अक्षरक्रमानं लावलेली आहेत, आणि पान शेवटचं कधी तपासलं, पुन्हा कधी तपासणार, या दोन्ही तारखा तळाशी असतात. आपल्याकडे तारीख असते ती बहुतेक वेळा संपूर्ण संकेतस्थळाची. तिचा त्या पानावरच्या मजकुराशी संबंध असेलच असं नाही.

मराठीचा आणखी एक मुद्दा. ‘मराठी’ या बटणावर बोट लावलं की वरची पट्टी तेवढी मराठी होते आणि आतला मजकूर इंग्रजीच राहतो, हे मी अनेक सरकारी पानांवर पाहते. कुठे यंत्रानं केलेल्या भाषांतरात मुखपृष्ठाला ‘घर’ म्हटलेलं असतं. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४ सालचा आहे. मराठीला ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात भाषेचा दर्जाही मिळाला. तेव्हा मजकूर आधी मराठीत लिहा, इंग्रजी नंतर करा. उलटं केलं की वाक्य मोडकं होतं, आणि आरोग्याच्या मजकुरात मोडक्या वाक्यानं माणूस गोळी चुकीची घेऊ शकतो. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी म्हणून नोंदवायलाही विसरू नका. तिथे हिंदी लिहिलं की ल आणि श हिंदी वळणाचे दिसतात, आणि वाचून दाखवणारं यंत्र हिंदी आवाजात मराठी वाचतं.

तो आवाज मी ऐकलाय. आमच्याकडे एक तरुण येतो, त्याला दिसत नाही. मोबाईल कानाशी धरून तो सगळं ऐकतो आणि बोटांनी इतकं भरभर काम करतो की मला बघत राहावंसं वाटतं. पण स्कॅन केलेली पीडीएफ उघडली की त्याचा मोबाईल गप्प बसतो. कारण ते अक्षरांचं पान नाहीच, कागदाचा फोटो आहे. युनिकोड, म्हणजे सगळ्या यंत्रांना कळणारी अक्षरांची पद्धत, येण्याआधीच्या फॉन्टांत टाइप केलेल्या जुन्या फायली उघडल्या की मोबाईल निरर्थक अक्षरं बडबडायला लागतो. वाकड्यातिकड्या अक्षरांचा कॅप्चा आला की त्याला मला हाक मारावी लागते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये हे सगळं सुगम करण्याचं बंधन आहे. सरकारी संकेतस्थळांसाठी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं २००९ पासून आहेत, त्यांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली. आणि ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की डिजिटल सेवांपर्यंत पोहोचता येणं हा राज्यघटनेच्या २१व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे. तो दावा ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या आणि दृष्टिहीन लोकांनी लावला होता, कारण ओळख पटवताना त्यांना कॅमेऱ्यासमोर पापणी लववायला सांगितली जात होती. तुमच्या कंपनीला काम देण्याआधी त्या तरुणाच्या हातात, नाहीतर त्याच्यासारख्या दुसऱ्या कोणाच्या हातात, नमुन्याचं पान द्या. तो दहा मिनिटांत सांगेल.

आता मांडणीकडे येते. आरोग्याचं संकेतस्थळ उघडलं की बहुतेक ठिकाणी पहिल्यांदा सरकते फोटो दिसतात, मग ‘विभागाविषयी’, ‘रचना’, ‘ध्येय व उद्दिष्टे’, ‘नागरिकांची सनद’, ‘निविदा’, ‘भरती’. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाखाली स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी असतात. त्या हव्यातच. पण सगळी मांडणीच त्यांवर बेतली की रुग्णाला खात्याचा आराखडा पाठ केल्याशिवाय काही सापडत नाही. खात्याची रचना आणि माणसाचं दुखणं यांचा क्रम वेगळा असतो.

याचं सगळ्यात ठळक उदाहरण म्हणजे ‘सरकारी दवाखाना’ हा शब्द. लोकांच्या लेखी तो एकच आहे. तुमच्या लेखी उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि जिल्हा रुग्णालय एका विभागाकडे, वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय दुसऱ्या विभागाकडे, आणि महापालिकेचं तिसरीकडे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरसकट उपचार मोफत झाले. माझ्या गावचे लोक ते ऐकून भलत्याच विभागाच्या रुग्णालयात गेले, तिथे पैसे मागितल्यावर गोंधळले, आणि मला येऊन म्हणाले, "ताई, बातमी खोटी होती." बातमी खरी होती. ती कुठे लागू आहे, हे त्यांना कळेल असं कोणी सांगितलं नव्हतं. मुंबईत परळला गेलं तर केईएम महापालिकेचं, आणि त्याला लागूनच असलेलं टाटा रुग्णालय केंद्राच्या अणुऊर्जा विभागाचं. कॅन्सरचा कागद घेऊन रात्रीच्या गाडीनं निघालेल्या माणसाला हा फरक सांगून काय उपयोग? त्याला हे हवं असतं: कुठे जायचं, किती वाजता खिडकी उघडते, कुठले कागद लागतात, खर्च कोण देणार. ही माहिती तीन विभागांची असेल तर ती एका पानावर आणायची जबाबदारी तुमची. त्याच्यावर ती टाकू नका.

योजनांचंही तेच होतं. राजीव गांधी जीवनदायी योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली, पुढे राज्यभर गेली, २०१७ मध्ये तिचं नाव महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना झालं, मग आयुष्मान भारत तिच्याशी जोडली गेली, आणि कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंतचं संरक्षण देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. आमच्याकडे अजूनही लोक म्हणतात, "जीवनदायीत बसतंय का बघा." त्यांना रुग्णालयांची यादी हवी असते. ती ‘अंगीकृत रुग्णालये’ या नावाखाली असते. अंगीकृत म्हणजे काय, असं मला एका शाळामास्तरांनी विचारलं होतं. ‘ही योजना कुठे चालते’ असं लिहा ना. तालुका निवडा, आजार निवडा, रुग्णालयं दिसू देत, त्यांतल्या आरोग्यमित्राचा, म्हणजे योजनेच्या मदतनिसाचा, नंबर दिसू देत. पिवळं, केशरी, पांढरं असं कार्डाच्या रंगानं विचारा, कारण लोक तसंच बोलतात.

कागदांवर नावं जुळत नाहीत हा आणखी एक त्रास. आधारवर वडिलांचं नाव एक, रेशनकार्डावर दुसरं स्पेलिंग. हे रुग्ण दाखल झाल्यावर कळतं. आधीच कळलं तर माझ्यासारखीला दोन दिवसांत काहीतरी करता येतं. म्हणून दवाखान्यात जाण्याआधी काय तपासून घ्यावं, एवढं तरी एका ठिकाणी लिहा.

मोबाईलबद्दल. तुम्ही नमुना मोठ्या पडद्यावर बघून मान्य करणार, हे मला माहीत आहे, तसंच होतं. माझ्याकडे येणाऱ्यांच्या हातात काच फुटलेला, मेमरी भरलेला, दोन-तीन वर्षं वापरलेला फोन असतो. नेटवर्क एक काडी. त्यावर सरकते फोटो उघडेपर्यंत माणूस कंटाळतो. मोठमोठ्या पीडीएफ उतरवायला त्याच्या फोनात जागा नसते. एक पान, साधी अक्षरं, चित्र लागलंच तर हलकं. ॲप काढायला सांगू नका. आणि जिथे माहितीच वाचायची आहे तिथे मोबाईल नंबर आणि ओटीपी मागू नका. ओटीपी जातो पुण्याला कंपनीत असलेल्या मुलाच्या फोनवर, आणि तो कामावर असतो. म्हातारी इथे माझ्यासमोर ताटकळत बसते.

२०२१ ची कोविडची लस आठवून पाहा. २८ एप्रिलला अठरा वर्षांवरच्यांची नोंदणी कोविन या सरकारी संकेतस्थळावर उघडली तेव्हा ते पान इंग्रजीत होतं. मे महिन्याच्या शेवटी सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल दरीबद्दल केंद्राला प्रश्न विचारले. जूनमध्ये मराठीसह इतर भारतीय भाषा आल्या, आणि थेट केंद्रावर जाऊन नोंद करायची सोयही सर्वांना झाली. त्यातून दोन गोष्टी मी शिकले. एका मोबाईल नंबरावर घरातल्या चार जणांची नोंद करता येत होती. ज्यानं कोणी हे सुचवलं त्याला आपली घरं माहीत होती. आणि संकेतस्थळ कितीही चांगलं असलं तरी शेजारी संकेतस्थळाशिवायचा रस्ता उघडा असावा लागतो. म्हणून प्रत्येक पानावर फोन नंबर हवा: रुग्णवाहिकेला १०८, गरोदर बाई आणि तान्ह्या बाळाच्या गाडीला १०२, सल्ल्याला १०४, मन फार जड झालं तर बोलायला १४४१६. नंबर चित्रात लिहू नका, बोट लावल्यावर लागला पाहिजे.

एक विषय मी मांडू की नको असा विचार करत होते. माझ्या खिडकीशी जे विचारलं जात नाही, त्याचा. मध्यंतरी एक मुलगी झेरॉक्सला आली. झेरॉक्स झाली तरी थांबली. दोन माणसं होती, ती जाईपर्यंत थांबली. मग मी विचारलं, "काय हवंय गं?" तर काही नाही म्हणाली आणि गेली. तिला काय विचारायचं होतं मला माहीत नाही. गावात मी सगळ्यांना ओळखते, हीच तिची अडचण असावी. गर्भपाताबद्दल, एचआयव्हीच्या तपासणीबद्दल, घरातल्या मारहाणीबद्दल, मनाच्या आजाराबद्दल मला कोणी विचारत नाही. याचा अर्थ हे प्रश्न नाहीत असा नव्हे. यासाठी तुमचं संकेतस्थळ माझ्याशिवाय वापरता आलंच पाहिजे. लॉगिन नको, नाव नको, नंबर नको. गर्भपात कायद्यानं वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरांच्या मतावर करता येतो, २०२१ च्या दुरुस्तीनंतर काही परिस्थितीत चोवीस आठवड्यांपर्यंतही, आणि बाईचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. एवढं सरळ मराठीत लिहिलेलं पान किती जणींना भोंदू माणसाच्या दारात जाण्यापासून वाचवेल. अशा पानांवर चटकन बंद करायचं एक बटण ठेवा. फोन घरात एकच असतो, आणि तो कोणीही हातातून घेऊ शकतो.

पैशाचंही बोलायला हवं. कंपनीला दिलेल्या कामात रंग, चित्रं, सर्व्हर, सुरक्षा याच्या ओळी असतात. मजकूर मात्र ‘विभागाकडून पुरवण्यात येईल’. तो कोण लिहिणार? कोणत्या तरी लिपिकाला आठ दिवसांत जुन्या फायलींतून उतरवून द्यायला सांगतात, आणि बिचारा तो देतो. मजकूर लिहिण्यासाठी, तो डॉक्टरांकडून तपासून घेण्यासाठी आणि दर सहा महिन्यांनी पुन्हा बघण्यासाठी वेगळे पैसे आणि वेगळं माणूस ठेवा. दुसरं म्हणजे उद्घाटनाची तारीख आधी ठरवू नका. अमेरिकेत आरोग्य विम्याचं संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ ला ठरल्या दिवशी उघडलं आणि कोसळलं. पहिल्या दिवशी सहा जणांची नोंदणी पूर्ण झाली, असं नंतर बाहेर आलेल्या सरकारी टिपणांत होतं. पैसा आणि तज्ज्ञ त्यांच्याकडे कमी नव्हते. सगळं एकत्र चालवून बघणं त्यांनी शेवटच्या काही आठवड्यांवर ठेवलं होतं.

तुम्ही बघणं आधी करा. त्यासाठी मोठी परिषद लागत नाही. पाच माणसं घ्या: एक गरोदर बाई, एक साखरेचा आजार असलेले आजोबा, एक आशाताई, ऊसतोडीला आलेला एक बाप, आणि आमचा तो तरुण. त्यांचाच फोन त्यांच्या हातात द्या. ‘कुत्रा चावलाय, काय कराल?’ एवढं विचारा आणि गप्प बसा. मध्ये बोलू नका, बटण दाखवू नका. मला बारा वर्षांत हेच सगळ्यात अवघड गेलंय, कारण मदत करायला हात शिवशिवतो. पण माणूस कुठे थांबला, कुठे त्यानं फोन तुमच्याकडे सरकवला, ती जागा लिहून ठेवा. तिथेच दुरुस्ती लागते.

काही जण मला म्हणतील, संकेतस्थळ इतकं सोपं झालं तर तुमच्या केंद्राकडे कोण येईल. दवाखान्याच्या प्रश्नासाठी नाही आले तर मला बरंच वाटेल. दाखले आणि सातबारा मला पुरे आहेत.

आमच्या गावचा आठवडी बाजार गुरुवारी असतो. त्या दिवशी वाड्यावस्त्यांवरची माणसं येतात आणि सकाळी दहापासून रांग लागते. कंपनीच्या कोणाला, खात्याच्या कोणाला, यायचं असेल तर गुरुवारी या. गाडीचा ताफा नको, फोटो नको. माझ्या टेबलाच्या बाजूला एक जादा खुर्ची ठेवलेली असेल. दुपारच्या जेवणाची सोय मी करते. संध्याकाळी सहापर्यंत बसा, आणि जाताना ती चौकट उघडून ‘कुत्रा चावला’ असं एकदा स्वतःच्या हातानं लिहून बघा.

आपली नम्र,
तालुक्यातली एक सेवा केंद्र चालक